हिरव्या पुस्तकावरचा आळ

१

मास्तर शुक्रवारी सकाळी गेले आणि दुपार व्हायच्या आत सगळ्या गावाने खुनी ठरवूनही टाकला. खुनी म्हणजे माझ्या नवऱ्याचं पुस्तक.

मला हे बेकरीत कळलं. पाव बांधता बांधता बेकरीवाली म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका हं, पण त्या पुस्तकात बघूनच मास्तरांनी विषारी अळंबी खाल्ली म्हणे. टेबलावर उघडंच होतं." वाईट वाटून घेऊ नका म्हणून लोक जे सांगतात, ते वाईट वाटावं म्हणूनच सांगतात. मी पाव तिथेच सोडला आणि दुकानात परत आले.

माझं पुस्तकांचं दुकान आहे. रानातली अळंबी ओळखायला शिकवणारं ते हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक यांनी उभ्या आयुष्यात लिहिलेलं एकमेव पुस्तक. चित्रंही यांचीच, काळ्या शाईने काढलेली. हे गेल्यावर मी ते छापत राहिले. आम्हाला मूलबाळ नाही, तेव्हा यांचं मागे राहिलेलं असं जे काही आहे ते एवढंच आहे. त्याच्यावर माणूस मारल्याचा आळ आला होता.

वेळही अशी की विचारू नका. गावातल्या शाळांना अळंबीचं एकच पुस्तक द्यायचं ठरलं होतं आणि ते निवडायचं काम मास्तरांकडे होतं. पुढ्यात पुस्तकं दोन. एक यांचं, दुसरं फ्लॅशचं. फ्लॅश म्हणजे लग्नाचे फोटो काढणारा आमच्या अळंबी मंडळातलाच एक जण. त्याचं पुस्तक नवं कोरं, गुळगुळीत कागद, पानापानावर रंगीत फोटो. त्याच्या शेजारी यांचं पुस्तक म्हणजे नवरीच्या शेजारी बसलेली आत्याबाई. मास्तरांचा निर्णय पुढच्या आठवड्यात कळायचा होता.

संध्याकाळी फौजदारबाई दुकानात आल्या. तिशीतल्या, बारीक अंगाच्या, आणि पुस्तकांच्या धुळीने आल्या आल्या शिंकायला लागलेल्या. रुमालाआडून त्यांनी विचारलं, "काकू, हे पुस्तक तुम्हीच छापता ना?"

"मीच."

"मग आजपासून ते विकू नका. आणि गाव सोडून कुठे जाऊ नका."

२

मला राग आला की मी बसून बोलते. मी बसले आणि म्हणाले, "बाई, मास्तर काय शाळेतलं पोर होते का? निम्मं आयुष्य रानात गेलं त्यांचं."

"मला पहिल्यापासून सांगा," त्या म्हणाल्या. "मी अळंबीच्या वाटेला कधी गेले नाही."

मग मी आमची रीत सांगितली. रविवारी मंडळ रानात जातं. मिळालेली अळंबी मास्तरांच्या स्वयंपाकघरात येते. मास्तर एकेक ओळखतात, मग सगळे बसून चिरतात. प्रत्येक जातीची एक कच्ची अळंबी कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवायची, म्हणजे कुणाला काही झालंच तर दवाखान्यात दाखवता येते. आणि सगळ्यात मोठी रीत ही, की ज्याने ओळखली त्याने आधी खायची. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी, तो हिंडता-फिरता दिसला तर.

"म्हणजे रविवारी एकटे मास्तर जेवले."

"एकटेच. सोमवारी पहाटे उलट्या सुरू झाल्या. मध्ये एक दिवस उठून बसले, चहा मागितला. या विषाची हीच खोड आहे, बाई. माणसाला बरं वाटायला लावतं आणि मग नेतं."

फौजदारबाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी दोन फोटो टेबलावर ठेवले. एकात यांचं पुस्तक उघडं होतं, कुजक्या पेंढ्यात उगवणाऱ्या पांढऱ्या अळंबीच्या पानावर. ती खायची असते, चांगली लागते. दुसऱ्या फोटोत फ्रिजमधली कागदी पिशवी फाडून पसरली होती आणि तिच्यात एक पांढरी अळंबी होती, बुडाशी पिशवीसारखं कवच असलेली.

"तपासणीत ही विषारी निघाली," फौजदारबाई म्हणाल्या. "ओकाखाली उगवते ती. लोक म्हणतात, काळ्या चित्रात या दोघी बहिणी-बहिणी दिसतात. मास्तर फसले. खरं सांगू का? मला पण तशाच दिसतात."

"दिसणारच!" माझा आवाज चढला. "म्हणून तर यांनी पुस्तक चित्रांवरून मांडलंच नाही. झाडांवरून मांडलंय. ओकाखालची एकीकडे, पाइनखालची दुसरीकडे, पेंढ्यातली तिसरीकडे. अळंबी कुठे उगवली हे आधी विचारायचं, कशी दिसते ते मागाहून. हे म्हणायचे, नुसता फोटो बघून स्थळ पसंत करू नये, घर बघावं."

बोलता बोलता माझं लक्ष दुसऱ्या फोटोकडे गेलं. अळंबीच्या बुडाला माती होती, आणि मातीत एक वाळकं पान चिकटलेलं होतं. कडा नागमोडी.

"हे ओकाचं पान आहे," मी म्हणाले.

फौजदारबाईंची शिंक अर्ध्यातच राहिली. "म्हणजे मास्तरांच्या हातात ओकाचं पान चिकटलेली अळंबी असती, तर त्यांनी..."

"ओकाचा भाग उघडला असता. आणि तिथे ही अळंबी विषारी म्हणून काळ्या चौकटीत आहे. पेंढ्याच्या पानावर ते गेलेच नसते. शेंबड्या पोरालाही हे पुस्तक तिथे जाऊ देत नाही."

त्यांनी दोन्ही फोटो एकावर एक ठेवले. "मग काकू, तुमचं पुस्तक मास्तरांनी उघडलं नव्हतं. ते दुसऱ्या कुणीतरी उघडून ठेवलं. हा अपघात नाही."

पुस्तक सुटलं म्हणून मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या स्वयंपाकघरात बसलेली सगळी माणसं माझ्या रोजच्या उठण्या-बसण्यातली होती.

३

दुसऱ्या दिवशी त्या मला मास्तरांच्या घरी घेऊन गेल्या. घर स्वच्छ होतं, आणि त्या स्वच्छपणाचीच भीती वाटत होती. विळी धुऊन भिंतीला उभी केलेली, कढई पालथी, मास्तरांचा चष्मा खिडकीत घडी करून ठेवलेला.

मास्तरांची भाची दारातच उभी होती. आई गेल्यापासून ती मामाकडेच राहते. रविवारी अळंबी शिजवली तिनेच, आणि घर तिलाच मिळणार हे सगळ्यांना माहीत. लोकांच्या तोंडाला कुठे झाकण असतं? तिच्या चेहऱ्यावर ते सगळं ऐकल्याच्या खुणा होत्या.

"मामाने रविवारी पुस्तक उघडलं होतं का?" फौजदारबाईंनी विचारलं.

"मामा कशाला उघडेल? त्याला पाठ होतं. मलाही निम्मं पाठ आहे, रात्री गोष्टीसारखं वाचून दाखवायचा." तिचे डोळे भरले. "मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले तेव्हा टेबलावर काहीच नव्हतं. देवाशपथ. पण माझं कोण ऐकणार?"

"चिरायला कोण कोण बसलं होतं?"

"मी, डॉक्टरीणबाई आणि फ्लॅशदादा. चिरलेलं सगळं एकाच परातीत पडत होतं. एकदा फोडी झाल्या की कुठली कोण, काय कळतंय?"

डॉक्टरीणबाई म्हणजे आमची जनावरांची डॉक्टर. अंगाने आडवी, बोलायला त्याहून. मास्तरांशी तिचं गेल्या महिन्यात कडाक्याचं भांडण झालं होतं. तिला मंडळाची प्रमुख व्हायचं होतं आणि मास्तर जागा सोडत नव्हते.

"भांडले, हो," ती आल्या आल्या म्हणाली. "तोंडावर भांडले. मला कुणाला मारायचं असतं तर घोड्याचं इंजेक्शन आहे माझ्याकडे, रविवारभर अळंबी कशाला चिरत बसू?"

"मास्तरांना दवाखान्यात नेल्यावर तुम्ही इथे आला होतात?"

"आले. ओट्यावरची घाण आवरायला कुणीतरी हवंच ना. फ्लॅशही आला होता. मी मागच्या अंगणात चादरी धूत होते, तो आत होता. नंतर मी आत, तो बाहेर. आता यातून काय काढायचं ते काढा."

फ्लॅश सगळ्यात शेवटी आला. गळ्यात कॅमेरा होताच, तो त्याच्या अंगाचाच भाग आहे. त्याने वाकून मला नमस्कार केला. "काकू, पुस्तकाबद्दल लोक वाट्टेल ते बोलतायत, मला अजिबात पटत नाही. काकांनी जीव ओतलाय त्यात. फक्त काळ बदललाय, एवढंच. आता लोकांना रंग लागतो." सांत्वन करता करता तो आपल्याच पोळीवर तूप ओढत होता, पण गोड बोलून.

"तुमच्या पुस्तकाबद्दल मास्तर काय म्हणाले होते?" फौजदारबाईंनी विचारलं.

"काहीच नाही. उघडूनही बघितलं नव्हतं त्यांनी. सवडीने बघतो म्हणाले. आमचं त्यावर बोलणं झालंच नाही."

बाहेर पडल्यावर मी म्हणाले, "बाई, तिघांचाही वावर आहे. आता?"

"तुमच्या दुकानाची मागची खोली उद्या मला द्या," त्या म्हणाल्या. "आणि त्या हिरव्या पुस्तकाची एक प्रत. विकत नाही, उसनी."

४

मागच्या खोलीत मी गठ्ठे ठेवते. एक टेबल, दोन खुर्च्या, एक उंच खिडकी. फौजदारबाईंनी टेबलावर हिरवं पुस्तक ठेवलं आणि शेजारी एक कागदी पिशवी. पिशवीत त्यांच्या हवालदाराने कुठून तरी आणलेली एक तपकिरी रानअळंबी होती. मला त्यांनी कोपऱ्यात बसवलं आणि तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात अवघड तास.

आधी डॉक्टरीणबाई. फौजदारबाई म्हणाल्या, "मला एवढी अळंबी या पुस्तकातून काढून द्या."

"कुठे मिळाली?"

"ते कशाला?"

"कशाला म्हणजे? ते कळल्याशिवाय या पुस्तकात शिरायचं कुठून?" ती वैतागली. मग तिने पिशवी टेबलावर उपडी केली, बोटाने माती पसरली आणि तिच्यातून सुईसारखं एक पान उचललं. "पाइन. हे आधी सांगता येत नव्हतं?" आणि तिने थेट पाइनचा भाग उघडला.

मग भाची आली. तिने पुस्तकाला हातही लावला नाही. "कुठल्या झाडाखालची?" एवढंच विचारलं, आणि उत्तर न मिळाल्यावर ती आपल्याच तंद्रीत त्या अळंबीच्या बुडाची माती चोळत बसली.

शेवटी फ्लॅश. त्याने अळंबी उचलली, खिडकीशी नेली, उजेडात गोल फिरवली. टोपी वरून बघितली, बाजूने बघितली, एक डोळा मिटून बघितली. मग टेबलाशी येऊन पुस्तक पहिल्या पानापासून भराभर उलटत सुटला. नजर फक्त चित्रांवर. मजकुराकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, भागांच्या मथळ्यांकडेही नाही. एका पानावर तो थांबला आणि बोट ठेवलं.

"ही बघा. डिट्टो."

मी मान उंचावून पाहिलं. बोट बांबूच्या बनातल्या अळंबीवर होतं. पिशवीतली पाइनची सुई त्याच्या कोपराला चिकटली होती.

मला कळलं. फौजदारबाईंनाही कळलं असणार, पण त्यांनी नुसतं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "वा. आता बसा. तुम्ही जेवला नसाल."

५

त्यांनी टेबलाखालून एक झाकलेलं ताट काढलं आणि झाकण उचललं. पांढऱ्या अळंबीची भाजी होती. वाफ येत होती.

"तुमच्याच पुस्तकातली आहे," त्या म्हणाल्या. "पांढऱ्या टोप्यांच्या भागात तुम्ही जी खाण्यायोग्य म्हणून दिलीय ना, बुडाशी कवच असलेली, तिचा फोटो दाखवून आणवली. घ्या."

फ्लॅश हसला. ते हसू ओठांवर बराच वेळ रेंगाळलं, जागा न मिळालेल्या पाहुण्यासारखं. "भूक नाही हो."

"एक घास. शाळेतली पोरं उद्या हेच पान बघून खाणार. तुमची खात्री आहे ना?"

"खात्री आहे, पण..."

"मी वाढते." फौजदारबाईंनी चमचा भरला आणि त्याच्या तोंडाजवळ नेला.

त्याने खुर्ची मागे ढकलली. गळ्यातला कॅमेरा टेबलावर आपटला. "अहो, ते पान चुकलंय! तो फोटो ओकाखालचा आहे, पेंढ्यातला नाही!"

"असं कोण म्हणतं?"

"मास्तरच म्हणाले ना..."

फौजदारबाईंनी चमचा ताटात ठेवला. "पण मास्तरांनी तर तुमचं पुस्तक उघडूनही बघितलं नव्हतं ना? तुमचं त्यावर बोलणंच झालं नव्हतं ना?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग तो खाली बसला आणि बोलायला लागला, माझ्याकडे बघून, जणू मी त्याला समजून घेईन. मास्तरांनी त्याला घरी बोलावून सांगितलं होतं की हे पान माणूस मारेल, सगळ्या प्रती मागे घे, मी चारचौघांत बोलत नाही. त्याला ते पटलं नाही. इतका चांगला आलेला फोटो चुकीचा कसा असेल? रविवारी त्याने ओकाखालची अळंबी चिरून परातीत मिसळली. मास्तर खातील, त्यांना काही होणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी एक अख्खी अळंबी समोर धरून तो म्हणेल, बघा, हीच खाल्लीत. ती अख्खी अळंबी त्याने त्यासाठीच जपून ठेवली होती. मास्तरांना दवाखान्यात नेल्यावर त्याची पाचावर धारण बसली. मग फ्रिजमधल्या पिशवीत त्याने तीच घातली, पेंढ्यातली काढून घेतली, आणि यांचं पुस्तक उघडून ठेवलं. पान शोधलं चित्रावरून. चिकटलेलं ओकाचं पान त्याला दिसलं होतं, पण त्याने काही फरक पडतो हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या पुस्तकात झाडांचा विषयच नव्हता.

"मला मारायचं नव्हतं, काकू," तो म्हणाला. "आईशप्पथ. मला वाटत होतं माझंच बरोबर आहे."

तोंड उघडायचं नाही ही ताकीद मी विसरले. "तुझा त्या पानावर विश्वास होता?"

"होता."

"मग तू का नाही आधी खाल्लीस?"

त्याने कॅमेऱ्याचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग अगदी हळू म्हणाला, "भीती वाटली."

"झालं," फौजदारबाई म्हणाल्या. "न्यायाधीशांसमोरही एवढंच सांगा." मग त्यांनी ताट स्वतःपुढे ओढलं आणि जेवायला लागल्या. भाजी बाजारातल्या भाजीवालीकडे मिळणाऱ्या साध्या अळंबीची होती. तो त्यांच्या प्रत्येक घासाकडे बघत होता.

६

यांच्या नावावरचा आळ गेला. बेकरीवालीने स्वतःहून पाव आणून दिला. शाळांनी हिरवं पुस्तक घेतलं. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पण मास्तरांची भाची दुकानात आली की मी तो आनंद लपवायचे. फ्लॅशचं पुस्तक ज्यांच्याकडे ज्यांच्याकडे गेलं होतं त्या सगळ्यांना फौजदारबाईंनी फोन करून ते परत मागवलं.

एके दुपारी एक बाई आली. दुसऱ्या गावाहून आलेली, हातात प्रवासाची पिशवी. तिने ते गुळगुळीत पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि म्हणाली, "हे ठेवून घ्या. आणि मला ते हिरवं द्या."

मी हिरवं पुस्तक काढलं. ती म्हणाली, "मी त्याची बहीण." कुणाची, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"पुस्तक छापून आलं तेव्हा पहिली प्रत त्याने मलाच पाठवली," ती म्हणाली. "मला केवढं अप्रूप वाटलं. फोनवर म्हणाला, ताई, पांढऱ्या टोप्यांचं ते पान उघड, तुमच्याकडे खूप उगवतात, एकदा करून बघ आणि सगळे खा. कशी लागली ते मला कळव."

माझ्या हातातली बांधायची दोरी तशीच राहिली. "केली होतीत?"

"यंदा आमच्याकडे पाऊस उशिरा आला. सापडल्याच नाहीत. तो एक दिवसाआड फोन करायचा. अजून केली नाहीस का ताई, केव्हा करणार? मला वाटायचं, बिचाऱ्याला किती हौस. मुलांना सांगायचे, मामासाठी तरी शोधा रे."

मी पुस्तक बांधायला घेतलं. तिने ते माझ्या हातातून न बांधताच घेतलं, छातीशी धरलं आणि दाराकडे वळली.

"तुमचे मास्तर आजारी पडल्यापासून त्याचे फोन बंद झाले," ती म्हणाली. "आणि तेव्हाच आमच्याकडे पाऊस सुरू झाला. नको करूस म्हणून सांगायला काही त्याने एकदाही फोन केला नाही."